पिस्टनवरचे ठसे

प्रिय विश्वा,

पत्र बघून हसशील. दोन दिवसाआड फोन होतो आणि हा गडी कागद कशाला काळे करतोय म्हणशील. पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस रं. इंजिन मोठं बांध, पुढच्या रॅलीला पहिला नंबर आणतो, एवढं म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच, शिव्या मागनं घाल.

तुझं इंजिन परवा खोललं. दहिवडीच्या माळावर गाडी धूर ओकत थांबली, तेव्हा तिथल्या तिथं लोक बोलायला लागले की आष्ट्याच्या उदयसिंहानं बांधलेलं इंजिन फुटलं. तू मात्र ज्याला त्याला सांगत होतास, तेल कमी पडलं, उदयाचा काही दोष नाही. मला लय बरं वाटलं होतं. शाळेत असताना आपण तुझ्या आबांची बंद पडलेली जीप उसाच्या पाणंदीत चालू केली होती, आणि आबा ओरडायच्या ऐवजी मागं चढून बसले होते, आठवतंय का? तेव्हापासून मी बांधायचं आणि तू पळवायचं. एवढ्या वर्षांत मला दुसरा धंदा सुचला नाही आणि तुला दुसरा मिस्त्री.

आता नीट वाच. तेल कमी पडलं असतं तर बेअरिंगं काळी पडली असती. ती चकचकीत आहेत. पण चारही पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हचे ठसे आहेत, नखं रुतल्यासारखे. टायमिंगची साखळी शाबूत आहे, मग असे ठसे एकाच कारणानं उठतात. गाडी पाचव्यात सुसाट असताना चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला, की चाकंच इंजिनाला फरफटत नेतात, ते नको तितकं फिरतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग पायाखाली काहीही करा, ते आवरत नाही.

गड्या, गिअर चुकणारा माणूस तू नव्हेस. ऊन डोळ्यावर असताना, बाजूला दरी असताना, पोटात अन्न नसताना तुझा गिअर कधी चुकला नाही. गॅरेजातली पोरं मला विचारायची की विश्वजीतदादा गिअर टाकतात कधी, हात हललेला दिसतच नाही. त्याच डाव्या हाताबद्दल मला गेले काही महिने काय काय दिसत होतं, आणि मी उगीच मनाची समजूत घालत होतो. कडेगावला जेवायला आलो, तेव्हा पाण्याचा तांब्या तू डाव्या हातानं उचलला नाहीस, अंकिता वहिनींना ओतायला सांगितलंस. बटणांचे शर्ट सोडून बनियनसारखं काहीतरी डोक्यातनं घालायला लागलास. मी चेष्टाही केली, म्हातारपणी तरुण झालास म्हणून. तू हसलास. अंगठ्याखालचं मांस बसलंय तुझं, विश्वा. मला दिसतंय ते.

शेजारच्या सीटवर शिवांजली असते. ती वहीतली वळणं वाचत असते, तुझ्या हाताकडं बघत नसते. बापाचा गिअर चुकेल हे तिच्या स्वप्नातही नाही. त्या माळावर गाडी नुसती बंद पडली म्हणून बरं. घाटात हेच झालं असतं तर मी कुणाला काय सांगितलं असतं? मला झोप लागत नाही रं. राग येतो तुझा. मला सांगायला काय झालं होतं तुला?

काल तू विचारलंस, रेसचे पिस्टन मागवले का, आणि मी हो म्हणालो. खोटं बोललो. मागवलेले नाहीत, मागवणारही नाही. ब्लॉकला लायनर टाकून साधे पिस्टन बसवणार, टर्बो काढून ठेवणार. गाडी वहिनी बाजाराला नेतील इतकी गरीब होईल. बोलू नकोस माझ्याशी हवं तर, पण सोमवारी सकाळी मी न्यायला येतो, मिरजेला डॉक्टरांना हात दाखवायला जायचंय, गाडी मी चालवणार. आणि तुझ्या हाताबद्दल मी कुणाजवळ चकार शब्द काढलेला नाही. पोरांनी ते पिस्टन बघितले असते तर कुणीतरी ओळखलं असतं, म्हणून चारही उचलले आणि सांगलीच्या फौंड्रीत स्वतः उभं राहून वितळवून आलो. आता कुणी विचारलं, तर तेलाचं कारण सांगू नकोस, ते कुणाला पटत नाही. उदयसिंहाचं कामच कच्चं होतं म्हण. मीही सगळ्यांना तेच सांगतोय.

तुझाच,
उदया