दुपारचं मैदान

३ एप्रिल
रक्तगट जुळला, घरात फक्त माझाच. पण माझ्याच यकृतावर चरबी निघाली. डॉक्टर बाई म्हणाल्या, दादाला यकृताचा तुकडा द्यायचा तर आधी ती उतरवा, निदान आठ किलो. दादा खाटेवरून म्हणाला, "ढमे, लहानपणी माझ्या ताटातलं पळवायचीस ना, ते आता परत कर." वहिनी हसली नाही.

९ एप्रिल
सकाळ अंथरुणाला खिळलेल्या आईची, संध्याकाळ दवाखान्याची. उरते दुपार — माझं चष्म्याचं दुकान तेवढा वेळ बंद असतं. मागच्या मैदानावर धावते. रखवालदारकाका म्हणाले, "ताई, या उन्हात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही." त्यांना काय सांगू! दादाचे डोळे पिवळेधमक झालेत.

१८ एप्रिल
रेनकोट घालून धावले. घाम जास्त, म्हणजे चरबीही जास्त जाणार. पाणी मुद्दाम प्यायले नाही, काट्यावर तेवढंच वजन वाढतं. दोन किलो उतरले!

२२ एप्रिल
आज घाम जवळजवळ आलाच नाही. शरीर सरावलं बहुतेक. डोकं मात्र ठणकतंय.

२९ एप्रिल
आज उठून बसता आलं म्हणून लिहितेय. तेवीसलाच मैदानात कोसळले. रखवालदारकाकांनी सावलीत ओढलं, अंगावर बादल्या ओतल्या, म्हणून वाचले. डॉक्टर बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "अहो, गेलं ते पाणी होतं. चरबी जागच्या जागी आहे. आणि घाम थांबला म्हणजे शरीर सरावलं नव्हे, त्याने हात टेकले होते." उन्हाने यकृताला मार बसलाय. ते सावरेपर्यंत ऑपरेशन नाही.

दादाला चाकाच्या खुर्चीतून माझ्याकडे आणलं. मीठ-साखरेचं पाणी त्यानेच चमच्याने पाजलं. "मला वाचवायला निघालीस आणि माझ्याच वॉर्डातली खाट अडवलीस." मी हसले, मग रडू आवरेना. वहिनी दाराशी उभी होती. एवढंच म्हणाली, "कुणाला विचारायचं तरी होतं." खरं आहे. मला वाटलं, मला कळतं.

१६ मे
उजाडायच्या आत चालते. धावणं बंद. सैल सुती कपडे, तहान लागायच्या आधी पाणी, डोकं जड झालं की बसायचं — हट्ट नाही. वजन हळूहळू उतरतंय, यावेळी खरंखुरं. बैल गेला नि झोपा केला, असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. गेलेलं नाही काही. दादा आहे.

३० मे
दादाची कावीळ डोक्यात गेलीय, आज त्याने मला ओळखलं नाही. "आई" म्हणाला. मी "हो रे" म्हटलं आणि त्याचे पाय चेपत बसले.

४ जून
तपासणीच्या खिडकीवरच्या मुलीचा फोन. "तुमचे रिपोर्ट छान आलेत, यकृत अगदी स्वच्छ. आता ऑपरेशनची तारीख घ्यायला या." दादा परवा गेला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी "बरं" म्हणाले.