पानठेल्यावर सांगितलेलं एक वाक्य

गोरखपूर, जबलपूर
८ डिसेंबर १९७१

प्रिय चंद्रशेखर,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला आश्चर्य वाटेल, थोडी धास्तीही वाटेल. वाटू दे. तू अमेरिकेतून परत आलास आणि नागपूरला प्राध्यापक झालास, हे कळलं होतं. परवा वर्तमानपत्रात तुझं नाव दिसलं. इथल्या कुठल्याशा समितीने तुला भाषणाला बोलावलंय. विषय आहे, युद्धकाळातल्या अफवा आणि नागरिकांचं कर्तव्य. खिडक्यांच्या काचांना पुन्हा काळे कागद लागलेत, तोफांच्या कारखान्याचे भोंगे पुन्हा अवेळी वाजून राहिलेत, आणि अफवा कशा थांबवायच्या हे जबलपूरला सांगायला तू येतोयस.

मी आता मुलींच्या कॉलेजात समाजमानसशास्त्र शिकवते. शिकवते म्हणजे काय, तू कॉलेजच्या व्हरांड्यात मला जे सांगायचास, तेच सांगते. माणूस कसा वागेल हे नुसत्या त्याच्या स्वभावावर ठरत नाही, तो कशात उभा आहे त्यावरही ठरतं, असं लेविन म्हणतो, हे तू मला कँटीनच्या चहाच्या कपाभोवती बोटाने गोल काढून समजावलं होतंस. ॲशच्या रेघांचा प्रयोग सांगताना तर तू उभाच राहायचास. समोर दोन रेघा उघड उघड लहानमोठ्या आहेत, पण खोलीतले सगळे त्या सारख्या आहेत म्हणतात, आणि शेवटी बसलेला बिचारा आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून हो म्हणतो. मला त्यातला पुढचा भाग आवडायचा. खोलीतला एक जरी माणूस खरं बोलला, तरी त्या बिचाऱ्याला धीर येतो आणि तोही खरं बोलतो. मी तुझ्या प्रेमात पडले ती बहुतेक त्याच दुपारी. तो एक माणूस तू असशील, असं मी मनाशी धरून बसले.

तुझी एक खंत मला तेव्हापासून माहीत होती. बिहारच्या भूकंपानंतर पसरलेल्या अफवांचा अभ्यास आपल्याच एका माणसाने केला, तो वाचून फेस्टिंगरला मोठा विचार सुचला, आणि जगात नाव झालं ते फेस्टिंगरचं. आपण नेहमी कच्चा मालच पुरवायचा का, असं तू तावातावाने म्हणायचास. मला ते पटायचं. त्या तावाची किंमत कोणाच्या घरातून वसूल होणार आहे, ते मला कुठे माहीत होतं.

पासष्टचा सप्टेंबर, मागचं युद्ध. आपलं ठरलं होतं, दिवाळीनंतर साखरपुडा होता. कारखान्यात दुप्पट पाळ्या लागल्या होत्या. बाबा तपासणी विभागात होते, घरी आले की जेवताना पेंगायचे. तरी संध्याकाळी टॉर्च घेऊन गच्चीवर जायचेच, टाकीत पाणी चढलं की नाही पाहायला. आई ओरडायची, अहो, बत्ती लावू नका म्हणतात ना. बाबा म्हणायचे, हाताने झाकून घेतो.

एक दिवस गल्लीत कुजबुज सुरू झाली, की कारखान्याचाच कोणी माणूस गच्चीवरून दुश्मनाला बत्ती दाखवतो. आधी त्यात नाव नव्हतं. मग ते बाबांचं झालं. दिवाकरकाका, बाबांचे शेजारी, त्याच विभागातले, वीस वर्षं एका डब्यात जेवलेले, त्यांनीच सुरक्षावाल्यांना सांगितलं की मुरलीधर रोज टॉर्च घेऊन वर जातो. आठवडाभरात बाबांचा गेटपास काढून घेतला. घराची झडती झाली, आईच्या पुरणाच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिलं. आमच्या भिंतीवर कोणी डांबराने 'गद्दार' लिहिलं. दूधवाला यायचा थांबला. बेबीताई, दिवाकरकाकांची बायको, आईला बाजारात पाहिलं की रस्ता ओलांडायची. काही सापडलं नाही म्हणून बाबांना पुढे कामावर परत घेतलं, पण तपासणीत नाही. भांडारात बसवलं, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच ठेवलं. भिंतीवरची ती अक्षरं आम्ही घासली, वरून चुना मारला, तरी ऊन पडलं की अजून दिसतात.

त्या दिवसांत आमच्या घरी येणारा तू एकटा होतास. रोज संध्याकाळी यायचास. आज कोण काय म्हणालं, कोणत्या शब्दांत म्हणालं, सगळं बाबांना विचारायचास. बाबा सांगत बसायचे, आणि तू मान हलवत ऐकायचास. आईने एकदा तुझी दृष्ट काढली होती, आठवतं? असा जावई मिळायला भाग्य लागतं म्हणाली.

आणि मग ती ऑक्टोबरातली दुपार. तू कॉलेजच्या फाटकापाशी माझी वाट पाहत होतास, डोळे चमकत होते. मला वाटलं बाबांच्या चौकशीची काही चांगली बातमी आहे. तू म्हणालास, "शैला, वाक्य बदललं. मी बत्ती म्हटलं होतं, आता त्याचं वायरलेस झालंय."

मला आधी कळलंच नाही. तू मला बाकावर बसवून, विद्यार्थिनीला समजवावं तसं समजावलंस. गोष्ट महत्त्वाची हवी आणि अर्धवट हवी, की अफवा आपोआप धावते, असं ऑलपोर्टने मांडलंय. म्हणून कारखान्याजवळच्या पानठेल्यावर तू सहज बोलल्यासारखं एक वाक्य टाकलंस. "सुना है कारखाने का कोई आदमी छत से बत्ती दिखाता है." नाव मी घेतलं नव्हतं, हे तू तीनदा म्हणालास. नाव लोकांनी घातलं. आणि तू रोज आमच्या घरी आपलं वाक्य कुठवर पोचलं ते पाहायला यायचास.

मी तुला म्हटलं, आत्ता कारखान्याच्या गेटवर चल आणि सांग. तू नाही म्हणालास. एकदा माणसाने भिंतीवर डांबर फासलं की आपण चुकलो हे त्याला सोसत नाही, तो आणखी घट्ट धरून बसतो, खरं सांगून उपयोग नाही. फेस्टिंगर वाचला असता तर तुला कळलं असतं, असंही वर म्हणालास. मी वाचला होता, चंद्रशेखर. मी तुला ॲशच्या त्या एका माणसाची आठवण करून दिली. तू घड्याळ बघितलंस. तुझी अमेरिकेची शिष्यवृत्ती ठरत होती. मिलग्रॅमच्या प्रयोगात दुसऱ्याला विजेचे झटके देणाऱ्या माणसांना निदान कोणी हुकूम तरी देत होतं.

लग्न मी मोडलं. बाबांना वाटलं, आपल्यावरच्या डागामुळे तुझ्या घरच्यांनी नकार दिला. तुझा दोष त्यांनी कधी मानला नाही. अडुसष्टमध्ये आई गेली. कारखान्यातले लोक गल्लीच्या टोकाशी उभे होते, आत कोणी आलं नाही. बाबा तेव्हाही म्हणाले, चंद्रशेखर इथे असता तर आला असता. मी तेव्हाही खरं सांगितलं नाही. वाईट दिवसांत एक माणूस आपल्याजवळ बसला होता, एवढ्याच आधारावर ते उभे होते. तो काढून घ्यायला माझा हात धजला नाही.

आता हे पत्र का. परवा पेपरात तुझं नाव बाबांनीच आधी वाचलं. दोन दिवस माझ्या मागे लागले होते, पत्र लिही, घरी जेवायला बोलाव, प्रिय म्हणून लिही, फार उपकार आहेत त्याचे. म्हणून आज सकाळी लिहायला बसले. एवढं सगळं लिहून झालं तेव्हा ते म्हणाले, वाच. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, मी दोन गोड वाक्यं रचून वाचली असती तरी चाललं असतं. पण तू इथे व्यासपीठावर बसणार आणि ते पहिल्या रांगेतून तुला हात जोडणार, हे डोळ्यांपुढे आलं. मी पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं.  ते म्हणाले, "म्हणजे दिवाकरच्या मनात ते आपोआप नाही आलं. कोणीतरी घातलं होतं." मी हो म्हटलं. म्हणाले, "मी उगाच सहा वर्षं त्याच्याशी बोललो नाही, पोरी." त्यांनी कोट मागितला, काठी घेतली. तुझ्यासाठी काय लिहू, असं मी दारात विचारलं. "भाषण देऊन जा म्हणावं," ते म्हणाले, "इकडे येऊ नको." खिडकीतून दिसतंय, दिवाकरकाकांचं दार उघडलंय आणि दोघं म्हातारे उंबऱ्यातच उभे आहेत.

तुझी न झालेली,
शैलजा