सोळावा शेजारी

४ नोव्हेंबर, कशेळे
आलो एकदाचा! पंधरा वाड्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या कंपनीत आजपासून मी, ऋषिकेश, एकमेव इंजिनियर. वासरात लंगडी गाय शहाणी! खोली धोंडूबाईंची, अंगणातून डोंगर दिसतो. बायको समिधा शनिवारी येईल. धोंडूबाईंनी उरलेल्या चकल्या दिल्या आणि बजावलं, इकडं एका हाकेला कुनी ओ देत नाय, तिसरी येऊ द्यायची, मानूस असंल तर मारतोच. मला हसू आलं.

६ नोव्हेंबर
माझ्याआधीचा वाल्मिक न सांगताच नोकरी सोडून गेला. धन्य माणूस! पंधरा वाड्यांचे मार्ग प्रत्येक राउटरमध्ये हातानं लिहून ठेवलेत. मी नवी पद्धत लावली. आता राउटर दर दहा सेकंदांनी हाक मारतात, जो ओ देईल तो शेजारी, आणि मार्ग त्यांचे तेच शिकतात. बाहेरच्या जगाला पंधरा मार्गांऐवजी एकच एकत्रित मार्ग दिसतो. इंटरनेटच्या पत्त्यांचे गट सोळा, दर वाडीला एक. सोळावा रिकामा, पण एकत्र करताना तोही आत येतोच. कुणालाही हाक मारा, सगळ्यांच्या वतीनं एकच ओ. मालक खूश.

८ नोव्हेंबर
राउटरच्या यादीत शेजारी सोळा. आपले राउटर पंधराच! रिकाम्या गटातून कुणीतरी ओ देतंय. हे वाल्मिकचंच काम, चोरून जोडणी ठेवली असणार. लाइनमन विलासला विचारलं, तर नजर चुकवून म्हणाला, त्याचा फोन पन लागत नाय. हाही सामील दिसतो.

९ नोव्हेंबर
समिधा आली. बरं वाटलं. पण ऑफिसच्या कपाटात वाल्मिकचा कागद सापडला: ‘राउटरांना हाका मारायला लावू नये. मार्ग हातानंच लिहावेत. मी एकदा ओ दिली.’ खाली तो गेला त्या दिवसाची तारीख.

११ नोव्हेंबर
एकत्रित मार्ग काढला. पद्धत बंद. पंधराही मार्ग हातानं लिहिले. यादी रिकामी हवी. एक शेजारी आहे. नाव दिसतं — वाल्मिक.

१२ नोव्हेंबर
भरदुपारी अंगणातून माझ्या नावानं हाक. एकदाच. गप्प राहिलो. माझं निभेल, पण समिधाला इकडची रीत ठाऊक नाही. सांगितलं तर घाबरेल — उद्या सांगतो.

१३ नोव्हेंबर
परत. विलासचा आवाज. विलास तर माथेरानला टॉवरवर, आत्ताच फोनवर बोललो —
दुसरी हाक येत नाही. मी ओ देणार नाही. मी दिली नाही म्हणजे —
समिधा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आहे. तिला अजून सांगितलेलं —
तिनं आतूनच ओ दिली. म्हणाली, या ना, दोघंही घरीच आहोत.
दोघांच्या वतीनं एकच —