समाधानला ऐकू येतं का?

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. एवढ्या दिवसांत तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला सवड नव्हती. आज लिहितेय, कारण दुपारी मी तुमची काशाची थाळी वाजवली आणि तेव्हापासून जिवाला थारा नाही. लिहिता लिहिता तीनदा उठले. एकदा पाणी प्यायला, दोनदा उगीचच.

आपल्या समाधानला ऐकू येत नाही, आत्याबाई. मला तसं वाटतंय. वाटतंय म्हणते, कारण अजून कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नाही.

आठवतो त्याचा जन्म? लढाईचे दिवस होते. डोंगरापलीकडच्या रानात विमानांचा सराव चाललेला, सकाळपासून एकामागून एक आपल्या छपरावरून जायची. पत्रे थरथरायचे, फळीवरची भांडी जागा सोडायची. माणसं बोलता बोलता थांबायची आणि आवाज गेला की राहिलेलं वाक्य पुरं करायची. गावाला अजून तीच खोड आहे. अंगणात रॉकेलसारखा वास उतरायचा, वाळत घातलेल्या धुण्यावर काळी कणी बसायची. खुडूक कोंबड्यासुद्धा अंडी टाकून उठायच्या. पण लढाई चालू असताना तक्रार करायची कुणाकडे? तोंड उघडायचीच लाज वाटायची.

तुम्ही गावाच्या सुईण. बाळ झालं की त्याच्या कानाशी काशाची थाळी वाजवायचात, ते दचकलं की तुमचा जीव भांड्यात पडायचा. समाधानच्या वेळी तुम्ही थाळी हातात घेतली आणि तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. तुम्ही थाळी खाली ठेवलीत. "आता ही कशाला? वरनं इमानानंच वाजीवली की." जमलेल्या बायका हसल्या. मीही हसले, अंग ठणकत होतं तरी.

त्या वेळी तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत का? दचकला होता का तो? हे विचारायला मी सोळा महिने लावले, आणि आता सांगायला तुम्ही नाही.

मग तो विमानांखाली झोपायला लागला. शेजारची पोरं किंचाळत उठायची, हा पाळण्यात गाढ. "पोरगं लई गुनाचं हाय," तुम्ही आळीभर सांगत फिरायचात, "इमान गेलं तरी हलत न्हाई." म्हणून तर नाव समाधान ठेवलंत. मला तुमचा राग येतो. मग माझाच येतो, कारण ते ऐकून मी फुगून जायचे आणि संध्याकाळी त्याची दृष्ट काढायचे.

आणि तुम्हाला तरी किती बोलू? शेवटी शेवटी तुम्हालाही तीन हाका माराव्या लागायच्या. वय झालं, म्हणायचात. पण गावात चाळिशीची माणसंही "काय म्हनला?" करत कान पुढे करतात, त्यांचं काय?

तुमच्या लेकाला सांगून पाहिलं. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून आलेले. म्हणाले, "आमचा चुलता बी चार वरसांनी बोलला. उगा काय बी मनात आनू नको."

म्हणून आज ते कामावर गेल्यावर मी थाळी काढली. समाधान अंगणात माझ्याकडे पाठ करून बसला होता, मातीत चिंचोके खुपसत. मागे उभी राहून मी पळीनं जीव खाऊन थाळी बडवली. आळीतल्या बायका हातातलं टाकून धावत आल्या. "कुनाला झालं? पोरगा का पोरगी?" समाधान चिंचोके खुपसतच होता. बायकांच्या सावल्या पुढ्यात पडल्या तेव्हा तो वळला आणि सगळ्यांकडे बघून हसला.

शेजारच्या कौसाबाईंना कळलं. त्या घरी जाऊन तीन महिन्यांच्या नातीला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हिच्यामागं बी वाजीव." मी वाजवली. पोर दचकून रडायला लागली. ते रडणं ऐकून कौसाबाईंनी तिला उराशी आवळलं, आणि मी आत निघून आले.

विमानांनी केलं की जन्मतःच होतं? मला माहीत नाही. तेच मला एका जागी बसू देत नाही.

उद्या सकाळच्या एसटीनं मी त्याला नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेणार आहे, तुमचे लेक नाही म्हणाले तरी. डॉक्टर काय सांगायचं ते सांगोत. मी एवढं कबूल करते, यापुढे गुणाचा म्हणून त्याला एकट्याला सोडून कामाला लागणार नाही. रोज त्याच्यासमोर उजेडात बसेन, माझं तोंड दिसेल अशी, आणि बोलेन. पहिला शब्द तुमचाच शिकवायचा ठरवलाय. मघाशी आरशात बघून म्हणून पाहिलं. "आजी" म्हणताना ओठ फारसे हलतच नाहीत, आत्याबाई. तरी शिकवीन.

तुमची सून,
शालन