लॅपटॉपवरचा वरवंटा

नेपरव्हिल, बुधवार

प्रिय वल्लरी,

तू फोटो पाठवलास, खाली एक अक्षर नाही. लॅपटॉप मधोमध पुरीसारखा टम्म फुगलाय आणि तो खाली बसावा म्हणून आईने वर वरवंटा ठेवलाय. आधी मी हसलो. मग हेमचंद्रकाकांना फोटो दाखवला, तर ते ओरडलेच, "अरे, तो दगड आधी उचलायला सांग!" मेसेज बघून तू लगेच उचललास, बरं झालं. बाकीचं मेसेजमध्ये मावेना, म्हणून कागद घेतला. नववीत शाळा सोडलेल्याचं शुद्धलेखन आहे, चुका काढत बसू नकोस.

काका म्हणजे आमच्या हॉटेलातलं रोजचं गिऱ्हाईक. रिटायर्ड इंजिनिअर, काकू गेल्यापासून एकटेच. किचनच्या दाराजवळच्या टेबलावर बसतात, कारण लॅपटॉपला प्लग तिथेच आहे. दुपारची गर्दी ओसरली की मी चहा घेऊन त्यांच्यासमोर बसतो. दिवसभरात तेवढंच काय ते मराठी माझ्या तोंडून निघतं. बाहेर बर्फ, रस्त्यावर नुसत्या गाड्या. चालणारं माणूस दिसलं तर मी तंदूर सोडून काचेशी जातो.

त्यांनी सांगितलेलं लिहितो, घाईचं तेवढं मेसेजवरही कळवतोच. फुगलेली बॅटरी चार्जला लावायची नाही, दाबायची नाही, आणि आईला सांग, सुई तर मुळीच टोचायची नाही. दुकानात नेऊन बदलून घे, जुनी त्यांच्याकडेच दे, कचऱ्यात टाकू नकोस. नवी आली की दिवसरात्र वायर लावून ठेवायची नाही. वीस टक्क्यांच्या खाली उतरू द्यायची नाही, ऐंशी झाले की पिन काढायची. गोधडीवर ठेवू नका, खालची जाळी झाकली जाते. देवघराच्या फळीवरून तर आधी काढ, समईची धग लागते तिथे. काका म्हणाले, "हिला तुडुंब जेवण सोसत नाही आणि कडकडीत उपासही. जपलंस तर वर्ष-दोन वर्षं जास्त चालेल."

मग त्यांनी विचारलं, आई दिवसभर मशीन चालू का ठेवतात रे? मी म्हटलं, म्हातारं माणूस, कळत नाही त्यांना.

खोटं बोललो. अमेरिकेत आल्यापासून क्युपर्टिनोत तवा सांभाळला, बॉथेलला भांडी, आता इथे तंदूर. एका जागी माझा पाय टिकत नाही, तुला माहीत आहे. दर वेळी निघताना आईला सांगत आलो, वेळेचं काही खरं नाही, तू मशीन चालूच ठेव, मी कधीही कॉल करीन. तिला मोबाइलवर माझं तोंड नीट दिसत नाही म्हणून मीच हा लॅपटॉप घेऊन दिलेला. बंद झाला तर तिला परत लावता येत नाही, आणि तू दिवसभर दवाखान्यात ड्यूटीवर. शेवटचा कॉल केल्याला अकरा आठवडे झाले. बोलायला नवीन काही नव्हतं गं, तोच तंदूर. आणि वेळ ठरवली की ती पाळावी लागते.

काकांची मुलगी अनया दर गुरुवारी पाचला कॉल करते. साडेपाचला काका लॅपटॉप मिटतात, टोपी घालतात आणि फिरायला जातात. मी विचारलं, मधेच तिचा कॉल आला तर? म्हणाले, "वेळ ठरलीय ना! म्हणून तर जाता येतं."

सोमवारी आमचं हॉटेल बंद असतं. तुमचे संध्याकाळचे सात म्हणजे इथले सकाळचे साडेसात. बॉथेलच्या हॉटेलातला केदार परत कामाला बोलावत होता, त्याला नाही म्हणून कळवलं. या पत्राला पोचायला तीन आठवडे तरी लागतील, पण मी येत्या सोमवारपासूनच सुरू करतोय, सध्या तुझ्या मोबाइलवर. दर सोमवारचं ठरवलंय हे मात्र फोनवर आईला सांगणार नाही. माझ्या शब्दावर ती आजवर पुष्कळ बसून राहिली. पत्र हातात पडेपर्यंत एक जरी सोमवार चुकला असेल, तर फाडून टाक. चुकला नसेल, तर तिला वाचून दाखव आणि सांग, सोमवारी बोलणं झालं की झाकण मिट, चपला घाल आणि खुशाल बाहेर जा.

तुझाच,
श्रीरामदादा