माळीणबाईंचा ग्रुप

३ जून
नवी नोकरी काय, तर शब्द पकडायचे! ॲपच्या ऑफिसात बसून लोकांचं बोलणं चाळते. 'मारहाण' दिसली की पुसायची — वाचणाऱ्यांना वाईट वाटतं म्हणे. मार खाणारीला काय वाटतं, ते आमच्या खात्यात येत नाही.

५ जून
लोक बिलंदर! आधी शब्दांत टिंबं घालायचे. ती पकडली तर आकडे. आकडे पकडले तर फळांची चित्रं. आम्ही अडवायचं, त्यांनी वळसा घालायचा — भाषा अशीच वाढत असणार. साहेबांना हे सांगितलं. "मॅडम, व्याख्यान नको, शब्द आणा."

९ जून
साहेबांनी बागकामाचा एक ग्रुप दिलाय. सगळ्या बायका. कोणीतरी तक्रार केलीय — नवरेच असणार, दुसरं कोण वाचतंय इतक्या निष्ठेने! कोरफडीचा फोटो लावून आत शिरले.

खताबद्दल अवाक्षर नाही. रोज कोणाची तरी कुंडी फुटते. बाकीच्या विचारतात, "माती सांडली का?" सांडली असेल तर लगेच कोणीतरी आपल्या घरचा पत्ता देतं. इतक्या कुंड्या कुंभाराकडेही फुटत नसतील.

१० जून
कळलं. कुंडी फुटली म्हणजे नवऱ्याने हात उचलला. माती म्हणजे रक्त. सरळ लिहिलं की आम्ही पुसतो, म्हणून बिचाऱ्या माळीणबाई झाल्या. धन्य ती आमची चाळणी!

साहेबांना सांगितलं, तर हेही शब्द बंद, ग्रुप बंद, आणि मला बढती. आज सांगितलं नाही. उद्या बघू.

११ जून
जेवण थंड होतं म्हणून यांनी ताट भिंतीवर भिरकावलं. भिंत पुसली. पुसण्यात मी तरबेज — पगारच त्याचा मिळतो.

१३ जून
साहेब — "काय मॅडम, झाडांना पाणी घालताय का तिथे?"
म्हटलं, बघतेय अजून.

१४ जून
ग्रुपमध्ये एक आहेत, सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी आज मलाच लिहिलं — "कोरफडवाल्या ताई, तुम्ही सगळं वाचता, लिहीत काहीच नाही. गप्प बसणाऱ्यांच्याच कुंड्या जास्त फुटतात. माझा पत्ता पाठवतेय. कधीही या."

हेरगिरीला गेले मी, आणि पकडलं त्यांनी! खूप हसले. इतकी, की शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "मॅडम, रडताय का?" बावळट. पण भीती वाटली. ओळखलं कसं?

१६ जून
साहेबांना सांगून टाकलं — ग्रुप निव्वळ झाडांचा आहे, बायकांना कुंड्या सांभाळता येत नाहीत एवढंच. लगेच पटलं! बायकांना काही जमत नाही, याला साहेब पुरावा मागत नाहीत. बढती गेली. पहिल्यांदाच कामाचं समाधान वाटलं.

१७ जून
मोठ्या बाईंनी दार उघडलं. माझ्या ओठाकडे पाहिलं, हातातली बॅग घेतली. "आत ये." चप्पल काढायला वाकले, तेव्हा लक्षात आलं — घातलीच नव्हती.