टोपीवाल्याचा ओढा आणि माझी विजार

प्रिय शालकमहाशय यांस,

दाजींचे अनेक आशीर्वाद. तुझी पाठ आता कशी आहे? (पाठ धरली की माणसाला ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांपुढे वाकावं लागतं, हे मी भोगलेलं आहे. शेक घेत जा.) आमच्याकडे सर्व कुशल आहे, आणि ते किती कुशल आहे हे सांगण्यासाठीच हे लांबण लावतो आहे. तुझं पत्र पोचलं. महिनाअखेरीस गाडी घेऊन येतोस, ताईला कायमची तुझ्याकडे नेतोस, तुझ्या इमारतीला लिफ्ट आहे, चाकांची खुर्चीही घेऊन ठेवली आहेस, हे सगळं दोनदा वाचलं. तुझी माया कळते रे. पण गुडघ्याच्या ऑपरेशनला चार महिने होऊन गेले तरी ताई खुर्चीतून उठत नाही, ही तुझी बातमी शिळी आहे. कशी, ते ऐक.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज चाला. ती म्हणायची, चालून जायचं कुठे, आणि बघायचं काय? तिचंही चूक नव्हतं. आमच्या दोघांचा जन्म शिवणाच्या दुकानात गेला. तिनं काजं-बटणं केली, मी चाळीस वर्षं मशीनचं पायडल मारलं. (तेवढे पाय रस्त्यावर मारले असते तर पृथ्वीला फेरी झाली असती; प्रत्यक्षात स्टूलही हललं नाही.) पण संध्याकाळी टीव्हीवर तो रानोमाळ भटकण्याचा कार्यक्रम आम्ही कधी चुकवत नाही. त्यात एक टोपीवाला काठी घेऊन कधी नदीकाठानं, कधी डोंगरउतारावरून चालतो, मागे बासरी वाजते, आणि मला पाचवीचा वर्ग आठवतो. गुरुजी कविता म्हणायला उभं करायचे, मी डोळे मिटायचो, आणि झरे, पाखरं, डोलणारी शेतं अशी बाकावर येऊन बसायची की शेजारच्या मुलाला सरकावं लागायचं. तुझ्या ताईचं लक्ष भलतीकडेच. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत काही नाही, पट्टे बघा कसे लोंबतायत, म्हणते. कोटाची डावी बाही आखूड आहे, हेही तिनंच दाखवलं. तरी बघते अगदी मनापासून. म्हणून मी ठरवलं, आपण खरंच फिरून यायचं, आणि संध्याकाळी तिला असं वर्णन ऐकवायचं की बाईचे पाय आपोआप जमिनीला लागले पाहिजेत.

पहिल्या दिवशी बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरून शेताकडेची पायवाट धरली. कवितेतल्यासारखीच वळणाची होती. कवींनी चिखलाचा विषय का टाळला असावा, ते दहा पावलांत कळलं. खळखळ ऐकून धावलो, तर फुटका नळ. एका गाईकडे बघून मी दोन ओळी म्हटल्या. त्या तिला आवडल्या असाव्यात, कारण पुढच्या ओळींसाठी ती माझ्यामागे आली, आणि जरा वेगानं आली. मी तारेच्या कुंपणाखालून निघालो, विजारीचा मागचा भाग काही निघाला नाही. (शाळेच्या पुस्तकात कुणाची विजार फाटल्याचं मला स्मरत नाही.) घरी आलो, आणि टोपीवाल्याचा ओढा, लाकडी पूल, पांढरी फुलं, सगळं माझ्या नावावर तिला सांगून टाकलं. असं महिनाभर चाललं. मग एका संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "हा पूल सोमवारी दाखवला होता. आणि तुमची करडी विजार कुठे गेली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्चीचे हात धरून उठली, काठी घेतली, म्हणाली, "चला, मला ती जागा दाखवा." गल्ली ओलांडली, बसची पायरी चढली, पायवाटेनं कुंपणापर्यंत आली. तारेला चिंधी होतीच. ती सोडवून तिनं उलटसुलट पाहिली. "शिवण नाही उसवलेली, कापड फाटलंय," म्हणाली. (म्हणजे आमच्या दुकानाचं नाव राखलं गेलं.) मग तिनं नळ पाहिला, गाय पाहिली. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. तर दगडावर टेकत म्हणते, "हे बरं आहे की. मग त्या टोपीवाल्याचं उसनं कशाला सांगत होतात?" त्यानंतर आम्ही दोघं एक दिवसाआड जातो. गाईचीही आता सवय झाली आहे. तेव्हा चाकांची खुर्ची दुसऱ्या कुणा गरजूला दे. घरच्या मंडळींना आमची आठवण सांग.

तुझे,
दाजी

ता. क. — ताईचं पाऊल कागदावर आखून सोबत ठेवलं आहे. त्या मापाचे चालायचे बूट बघ. तिला विचारू नकोस, "कशाला?" म्हणेल.

दुसरा ता. क. — पाकीट चिकटवणार तोच शेजारचा इस्त्रीवाला कपडे द्यायला आला आणि बोलून बसला. मी एकटा फिरायला जायचो तो महिनाभर, मी बाहेर पडलो की बाई रोज त्याच्या दुकानापर्यंत चालत यायच्या, घटकाभर टेकायच्या आणि मी परतायच्या आत खुर्चीत जाऊन बसायच्या. कुणाला बोलू नको, म्हणाल्या होत्या. "यांना कळलं की फिरायला जायचे थांबतील, मग संध्याकाळी मला सांगणार कोण?" तेव्हा माझ्या वर्णनानं ती उठली, असं वर जिथे जिथे वाटेल तिथे खोडून वाच. मी तिला काही विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस.

तिसरा, आणि शेवटचा — खरं म्हणजे हे पत्र एका ओळीचं होतं. ती लिहायचा धीर होईना, म्हणून मध्ये गाय आणली, कुंपण आणलं, पाचवीचा वर्गसुद्धा आणला. ती ओळ अशी: तिला नेऊ नकोस रे.